नऊ जीबीचं भजन

अडीच तासांचं खंजिरी भजन यूट्यूबवर चढवायचं, तर फाइल केवढी करायची? बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, माझ्या काकांच्या स्टुडिओत या एका प्रश्नावर जे बोलणं झालं, ते इथे मांडतो आहे. काका व्हीएचएसच्या काळापासून लग्नं, सप्ताह, भजनं शूट करत आले आहेत. समोर माझी चुलत बहीण, म्हणजे काकांची पुतणी, होती. तिनं बडनेऱ्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण घेतलं आणि आता ती पुण्यात व्हिडिओ दाखवणाऱ्या एका ॲपसाठी काम करते. काकांनी फाइल ९०० एमबीची केली होती. तिचं म्हणणं, ती नऊ जीबीची हवी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, पण सारखं नव्हतं.

काका : नऊ जीबी? पोरी, तुह्या पुण्यात असन तसं नेट. अठी मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चढवून रायलो. रात्रभर लावून ठेवलं तं सकाळी अर्ध्यावर अटकून रायते. अन् मधात लाइन गेली तं मंग झालंच.

पुतणी : काकाजी, ९०० एमबीत तुम्ही काय काय बसवलं ते आधी सांगा.

काका : साधा हिशोब हाय. अडीच तास म्हनजे ९००० सेकंद. ९०० एमबीले ९००० नं भाग. सेकंदाले शंभर केबी, म्हनजे आठशे केबीपीएस. त्यातले १९२ आवाजाले देल्ले, उरलेले सहाशे चित्राले. चित्र ४८० चं. मंडळी बसलेली हाय, कॅमेरा ट्रायपॉडवर, मांगं तोच पडदा. सहाशेत मस्त बसते. पाय ना तू.

आम्ही पाहिलं. खरंच बरं दिसत होतं. खंजिरी धरलेले हात, गळ्यातला भगवा शेला, मागचा फोटो, सगळं ओळखू येत होतं. स्टुडिओचा धंदा इतकी वर्षं टिकवलेल्या माणसाचा हात त्या फाइलमध्ये दिसत होता. मग बहिणीनं पट्टी शेवटाकडे ओढली. आरती झाल्यावर चारही बाजूंनी फुलं उधळली गेली, आणि त्याच क्षणी चित्र फुटलं. फुलं गेली, चेहरे गेले, पडद्यावर नुसते चौकोन राहिले. दहा-बारा सेकंदांनी सगळं पुन्हा जागेवर आलं.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा वाद यावरच उभा आहे. १०८० च्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. रंगाची माहिती पाव हिश्श्यावर आणली तरी सेकंदाच्या २५ फ्रेमचे जवळपास ७८ एमबी होतात. तासाचे २८० जीबी. एवढं कोणीच साठवत नाही. खुद्द कॅमेराही नाही. तो कार्डावर लिहितानाच चित्र दाबून लिहितो. दाबण्याची मुख्य युक्ती अशी की प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहायची नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवायची आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय हललं एवढंच लिहायचं. मागचा पडदा हलत नाही, म्हणून त्याच्यावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही. पण उधळलेल्या फुलांतली प्रत्येक पाकळी वेगळ्या दिशेनं पडते. लग्नातल्या अक्षतांचं तेच. आधीच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज बांधता येत नाही, सेकंदाला मिळालेला शिधा संपतो, आणि एच.२६४ चा एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारं सॉफ्टवेअर, १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन ढोबळपणे रंगवून मोकळा होतो. म्हणजे चित्र नेमकं कुठे फुटतं? तर मंगलाष्टकांच्या शेवटी, गुलाल उधळताना, पालखी उचलताना. ज्या क्षणासाठी लोक व्हिडिओ पाहतात त्याच क्षणी.

पुतणी : म्हणून म्हणते, आकार आधी ठरवून एक्सपोर्ट करू नका. दर्जा ठरवा, आकार जो यायचा तो येऊ द्या. एक्सपोर्टच्या चौकटीत बिटरेटच्या आकड्याऐवजी सीआरएफ निवडा. एक्स-२६४ या एन्कोडरमध्ये तो शून्यापासून ५१ पर्यंत असतो, न सांगता २३ धरला जातो, आकडा लहान तसा दर्जा चांगला. तुम्ही १८ ठेवा. अडीच तास बसलेल्या मंडळींवर तो फार खर्च करणारच नाही. फुलं पडली की मात्र हात सैल सोडेल. यूट्यूब १०८० साठी आठ एमबीपीएस सुचवतं, त्यावरून मी नऊ जीबी म्हटलं. तुमचं भजन कदाचित चार जीबीतच बसेल.

काका : हे पयले सांगाव ना मंग! नऊच्या धाकानं अर्धा जीव गेला.

मला इथे मोझरी आठवली. तिथल्या गुरुकुंज आश्रमात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दरवर्षी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, ती ही वेळ. लाखोंचा समुदाय उभा असतो आणि काही हलत नाही. ठरावीक बिटरेटवर चालणारा एन्कोडर त्या मौनावरही तेवढाच खर्च करतो जेवढा आधीच्या गर्दीवर केला. दर्जा धरून चालणारा तिथे वाचवतो आणि समुदाय हलू लागला की वाचवलेलं वापरतो. बहिणीच्या म्हणण्यातलं तंत्र एवढंच आहे, आणि ते शिकायला इंजिनिअर असावं लागत नाही.

पण काकांचा खरा आक्षेप अजून यायचा होता.

काका : तू चढवशीन चार जीबी. पायनारा कोन हाय? नांदगावचा, भातकुलीचा, चांदूरचा मानूस. त्याच्या पॅकमधी दिवसाले दीड जीबी. तुहं १०८० चं भजन अडीच तास पायलं तं पॅक संपते अन् भजन अर्धंच रायते. मी त्याच्यासाठी दाबतो, माह्यासाठी नाई. अन् मले सांग, २०२० मधी लॉकडाउन लागला तवा या मोठमोठ्या कंपन्यांनी काय केलं? मोबाइलवर ४८० च्या वर देनार नाई म्हने. तवा कोनं नाई म्हटलं का चित्र खराब झालं.

त्यांची आठवण बरोबर आहे. २४ मार्च २०२० ला देशातल्या व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर एचडी बंद, कमाल ४८०. घरोघर लोक अडकले होते, नेटवर्कवर ताण आला होता. आणि लोकांनी पाहिलंच की. काकांचा मुद्दा मला इथे फार वजनदार वाटतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला हे खरं, पण दिवसाचा डेटा मोजून वापरणारी घरं आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. त्यांचा विचार एक्सपोर्ट करताना करणारा माणूस भला माणूस आहे.

पुतणी : काकाजी, त्या कंपन्यांनी घरी जाणारं चित्र कमी केलं. त्यांच्याकडची मूळ फाइल कोणी ४८० ची करून टाकली नाही. १५ एप्रिलला बटण फिरवलं की एचडी पुन्हा सुरू करता येत होतं. तुम्ही मूळच ४८० चं दिलं तर बटण कोणतं फिरवणार?

काका : म्हनजे?

पुतणी : बडनेऱ्याला मुंबई-हावडा मार्गावरची गाडी येते. उतरलेल्या माणसांपैकी कोणी अमरावतीच्या गाडीत बसतं, कोणी ऑटोत, कोणी एसटीत. ज्याला जे परवडतं ते. पण म्हणून मुंबईहून निघणारी गाडीच ऑटोएवढी करायची का? तुम्ही यूट्यूबला फाइल दिली की ते स्वतः तिच्या अनेक आवृत्त्या करतं, १४४ पासून वर. प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतं. पाहणाऱ्याचा फोन दर तुकड्याला नेट किती आहे ते बघतो आणि परवडेल तो तुकडा मागवतो. ॲपलनं २००९ मध्ये एचएलएस काढलं, तेव्हापासून जवळपास सगळं असंच चालतं. भातकुलीच्या माणसाला ४८० किंवा ३६० मिळणारच आहे, तुम्ही काहीही चढवा. पॅक वाचवायचा तर तो स्वतःही ते निवडू शकतो.

काका : अन् मी ४८० चं देल्लं तरी त्याले ४८० च भेटनार ना? मंग फरक काय पडला?

पुतणी : फरक असा की तुमचं ४८० पुन्हा दाबलं जातं. यूट्यूब तुमची फाइल जशीच्या तशी कधीच दाखवत नाही. तुम्ही आधी एकदा चौकोन पाडलेत. आता त्याचा एन्कोडर त्या चौकोनांच्या कडा खऱ्या समजतो आणि त्या जपायला बिट खर्च करतो. चांगल्या १०८० वरून त्यानं केलेलं ४८० आणि तुमच्या ४८० वरून केलेलं ४८०, दोन्ही शेजारी लावून दाखवते.

तिनं दाखवलं. भजनातला तोच एक मिनिटाचा तुकडा तिनं आधीच दोन्ही प्रकारे चढवून ठेवला होता, खाजगी करून. ४८० वरच दोन्ही लावले. काकांच्या फाइलवरून आलेल्यात खंजिरीच्या कडेच्या पितळी चकत्या एकमेकीत मिसळून पिवळा पट्टा झाला होता. दुसऱ्यात चकत्या मोजता येत होत्या. पाहणाऱ्याचा डेटा दोन्हीकडे जवळपास तेवढाच जात होता. काका खुर्ची पुढे ओढून बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "पुन्हा लाव."

माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागला. पाहणाऱ्याची काटकसर चढवणाऱ्यानं करायची नसते. त्याला ती वाटेत करून मिळते, आणि आपल्यापेक्षा चांगली करून मिळते.

तरी काकांची बाजू इथे संपत नाही. दोन ठिकाणी तेच बरोबर आहेत, आणि बहिणीनंही ते मानलं.

पहिलं ठिकाण आवाज. ९०० एमबीत चित्राची एवढी ओढाताण असताना काकांनी आवाजाला १९२ केबीपीएस दिले होते. एकूण फाइलचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यांच्या धंद्यातले बरेच जण तिथे ६४ टाकून मोकळे होतात.

काका : भजनात चित्र थोडं खराब झालं तं चालते. शब्द आयकू आला पायजे. खंजिरीची झनझन ६४ मधी टाकली का फसफस होते, पान्यात बुडवून वाजवल्यासारखी. वरचा आवाज कापूनच टाकते ते. गाडगेबाबाचं वांद्र्याचं कीर्तन आयकलं का तू? चित्र कुठी हाय त्याचं? कोन इचारते चित्र? आवाज हाय म्हनून बाबा हायेत.

वांद्रे पोलीस ठाण्यातलं ते कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ चं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. आज ते ध्वनिमुद्रण फोनोफोन फिरतं. बहिणीनं यात भर घातली ती महत्त्वाची.

पुतणी : आवाजाचं तुमचंच खरं. यूट्यूब तर ३८४ सुचवतं. अडीच तासांचा आवाज ३८४ नं ठेवला तरी ४३२ एमबी. चार जीबीत तेवढं सहज मावतं. पण काकाजी, फोनवर फिरणारं बाबांचं कीर्तन कितव्या हातची नक्कल आहे? कोणी एमपीथ्री केलं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कोणी पुन्हा व्हिडिओला लावलं. प्रत्येक वेळी थोडं थोडं गेलं. जी स्वच्छ ऐकू येते ती नक्कल कोणीतरी मूळ जपलं म्हणून ऐकू येते.

दुसरं ठिकाण म्हणजे जिथे यूट्यूब नसतं तिथे. भजन मंडळाची, शाळेची, संस्थानाची स्वतःची वेबसाइट असते, आणि तिच्यावर एकच एमपीफोर फाइल टाकलेली असते. तिथे आवृत्त्या कोणी करत नाही, तुकडे कोणी पाडत नाही. जी फाइल ठेवली तीच प्रत्येकाच्या फोनवर उतरते. तिथे काकांसारखाच माणूस हवा, सेकंदाचा हिशोब मांडून दाबणारा. फक्त एक खूण विसरायची नाही. एमपीफोर फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची एक यादी असते, आणि एक्सपोर्ट करताना ती बहुधा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. यादी हाती येईपर्यंत फोनला चित्र सुरू करता येत नाही. मग गावातला माणूस फिरणारं चाक पाहत बसतो आणि नेटला शिव्या देतो. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर पुष्कळ स्टुडिओंत असतं. त्यात 'वेब ऑप्टिमाइझ्ड' नावाची एक चौकट आहे, ती टिचकावली की यादी पुढे येते. इतर सॉफ्टवेअरमध्ये तिलाच 'फास्ट स्टार्ट' म्हणतात. फाइल तेवढीच राहते, पण बटण दाबताच सुरू होते.

काका : हे मले कोनं सांगतलंच नाई. दोन संस्थानांच्या फायली अशाच पडल्या हायेत.

पुतणी : त्या पुन्हा दाबायचीही गरज नाही. यादी तेवढी पुढे आणता येते. मी करून देते. पण चढवण्याचं काय करणार आहात ते सांगा.

चढवण्याचा प्रश्न खराच होता. चार जीबी म्हणजे ३२,००० मेगाबिट. हॉटस्पॉटवर वर जायचा वेग दोन एमबीपीएस मिळाला तर साडेचार तास. ३० एमबीपीएसच्या फायबरवर १८ मिनिटं. बहिणीचा सल्ला साधा होता : अमरावती कुठे लांब आहे? पेनड्राइव्ह खिशात टाकायचा, ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्या घरी चहा प्यायचा. काका त्यावर हसले, कारण पेनड्राइव्हचं त्यांचं दुखणं निराळंच होतं.

काका : तुही चार जीबीची फाइल चार जीबीच्या वर एक एमबी जरी गेली ना, तं पेनड्राइव्हवर जातच नाई. बत्तीस जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, अन् म्हनते फाइल लय मोठी हाय. म्हनून तं आमी सगये लग्नाचे तुकडे पाडतो, नाई तं दाबतो.

पुतणी : ते फॅट-३२ मुळं. त्यात चार जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. एक्सफॅट करून फॉरमॅट करा, जाते.

काका : अन् पार्टीचा जुना टीव्ही एक्सफॅट वाचतच नाई, मंग? नवरीचा बाप रात्री दहाले फोन करते, पेनड्राइव्ह खाली हाय म्हनते.

या ठिकाणी बहिणीकडे उत्तर नव्हतं. धंद्यातल्या माणसाला अशा अडचणी रोज भेटतात, आणि दाबून द्यायची सवय त्यातूनच लागते. मला तरी तो आळस वाटत नाही.

मग मी एक जुनी गोष्ट विचारली, कारण मला ती अनेक वर्षं विचारायची होती. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी शकुंतला. अडीच फुटी रुळांवरची, किलिक निक्सन कंपनीनं उभी केलेली. १९९४ च्या एप्रिलपर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली, मग डिझेलवर, आणि आता बंद आहे. काकांनी डिझेलच्या दिवसांत मिनी डीव्ही कॅमेऱ्यानं तिच्यातून प्रवास करत शूटिंग केलं होतं. ते कुठे आहे?

काका : व्हीसीडी हाय ना. टेप नाई. टेप महाग पडे. एक काम झालं का दुसऱ्या लग्नाले तीच लावो. तवा सगयेच लावत. व्हीसीडी काढली म्हनजे काम झालं असं वाटे.

व्हीसीडी लावून पाहिली. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एमपेग-१ मध्ये दाबलेलं. टेपवर सेकंदाला २५ मेगाबिट लिहिले जात, व्हीसीडीवर चित्राला जेमतेम १.१५. खिडकीतून दिसणारी कपाशी हिरवा धूर झाली होती, कारण हलतं पीक दाबायला सगळ्यांत अवघड. स्टेशनच्या पाटीवरचं नाव ज्याला माहीत आहे त्यालाच वाचता येत होतं. एका काळी हाच पाहण्याचा दर्जा होता आणि कोणाची तक्रार नव्हती. आजच्या फोनवर तो पुरत नाही, आणि आता मागे जाऊन ती गाडी शूट करता येत नाही. बहिणीनं त्या व्हीसीडीची नक्कल करून घेतली, मोठी करण्याच्या फंदात न पडता, आहे त्या आकाराची. जे उरलं आहे ते आणखी एकदा दाबायचं नाही, एवढंच ती म्हणाली. काका बोलले नाहीत, पण भजनाची ९०० एमबीची फाइल त्यांनी बाजूला सारली आणि एक्सपोर्टची चौकट पुन्हा उघडली. सीआरएफ १८, आकार मूळचा १०८०, आवाज ३८४. शेवटी त्यांनी स्वतःहून एक गोष्ट जोडली : तयार झालेली फाइल आधी स्टुडिओतल्या पोराच्या स्वस्त फोनवर, कानात काही न घालता, ऐकायची. तिथे शब्द कळला तर कुठेही कळेल. ही तपासणी पुण्यातल्या मंडळींनीही शिकून घ्यावी अशी आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरी लग्न होईल, गावात सप्ताह होईल, आजोबांचं भजन कोणी शूट करेल. व्हिडिओवाल्याला पैसे देताना दोन गोष्टी मागा : टीव्हीवर आणि फोनवर चालणारी लहान फाइल, आणि तिच्यासोबत फार न दाबलेली मोठी. मोठी फाइल एक्सफॅट केलेल्या पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर घ्या, दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर लहान फाइल पाठवायचीच वेळ आली तर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती वाटेत दाबली जात नाही. हे काम पहिल्या महिन्यातच करा. स्टुडिओतल्या डिस्क भरतात आणि जुनी कामं पुसली जातात.